बालपुस्तकावर स्वाक्षरी आणि प्राण्यांसाठी निधी: एकाच कार्यक्रमाची क्रमवार तयारी

मुलांसाठी लिहिणाऱ्यांच्या गोष्टींत कुत्रा, मांजर, खार, कावळा यांपैकी कोणीतरी असतंच. त्यामुळे पुस्तकावर स्वाक्षरी देण्याच्या कार्यक्रमाला भटक्या प्राण्यांसाठी निधी जमवण्याची जोड द्यावी, असं सहज सुचतं. पार पाडताना मात्र असे कार्यक्रम त्याच त्याच ठिकाणी फसतात. भाषणं ऐकून मुलं कंटाळलेली असतात, रांग हलत नाही, पुस्तकाचे पैसे आणि देणगी एकाच डब्यात पडतात, आणि कोपऱ्यात बांधलेला कुत्रा अनोळखी हातांच्या गर्दीत भेदरून बसलेला असतो. संस्थेला नेमके किती पैसे द्यायचे, हे रात्री कोणालाच सांगता येत नाही.

हे सगळं टाळता येतं. त्यासाठी एक गोष्ट पक्की धरा: स्वाक्षरी, देणगी आणि प्राणी या तिन्हींची जागा वेगळी, सांभाळणारा माणूस वेगळा आणि पैशाचा हिशेबही वेगळा. खालचा क्रम त्याच धोरणाने लावला आहे. तो शक्यतो मोडू नका, कारण बहुतेक घोळ क्रम उलटा झाल्यामुळेच होतात. हाताशी सहा आठवडे असले तर घाई होत नाही.

## टप्पा १: आधी संस्था, मग पत्रिका

सर्रास होणारी चूक म्हणजे हॉल ठरतो, पत्रिका छापली जाते, त्यावर ‘जमा होणारा निधी भटक्या प्राण्यांसाठी’ असं लिहिलं जातं आणि संस्थेचा शोध त्यानंतर सुरू होतो. मग जी संस्था फोन उचलेल तिच्यावर समाधान मानावं लागतं.

संस्था निवडताना या गोष्टी कागदावर बघा: सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी क्रमांक, संस्थेच्या नावाचं बँक खातं, छापील पावती पुस्तक, आणि देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारं ८०जी प्रमाणपत्र. शहरातल्या नसबंदी मोहिमेसाठी निधी द्यायचा असेल, तर त्या संस्थेला भारतीय पशु कल्याण मंडळाची मान्यता आहे का, हेही विचारा. भटक्या कुत्र्यांची नसबंदी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे चालते आणि ती मान्यताप्राप्त संस्थांनीच करायची असते. एखादी व्यक्ती मनापासून रोज कुत्र्यांना खाऊ घालत असेल, तर तिच्याबद्दल आदर ठेवावा. पण जाहीर कार्यक्रमातले पैसे कोणाच्याही वैयक्तिक खात्यात जाऊ देऊ नका.

यानंतर एक चक्कर संस्थेत जाऊन मारा आणि तिथल्या माणसांना थेट विचारा, ‘तुम्हाला या महिन्यात काय हवंय?’ उत्तर बऱ्याचदा अगदी साधं असतं: जुनी वर्तमानपत्रं, चादरी, टॉवेल, गोणपाट, फिनाईल. वस्तू हव्या असतील तर मुलांना पत्रिकेतूनच त्या आणायला सांगता येतं आणि खिशात पैसे नसलेलं मूलही मदतीत सामील होतं. खाद्य हवं असेल तर कोणतं, हे संस्थेकडूनच लिहून घ्या. प्राण्यांचं खाद्य एकाएकी बदललं तर त्यांची पोटं बिघडतात. रेबीजची लस लोकांकडून वस्तुरूपात कधीच घेऊ नका. ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. हॉलमधल्या टेबलावर तासभर पडलेली लस भरवशाची राहत नाही.

सावधान: संस्थेच्या पावत्या न वापरता तुम्ही स्वतः, मित्रमंडळ म्हणून किंवा सोसायटी म्हणून वर्गणी गोळा करणार असाल, तर महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते आणि नंतर हिशेबही द्यावा लागतो. गणेश मंडळांना ही परवानगी ठाऊक असते. साहित्याच्या कार्यक्रमांना तिचा पत्ताच नसतो. सोपा मार्ग असा की नोंदणीकृत संस्थेनेच आपला माणूस, आपलं पावती पुस्तक आणि आपला क्यूआर कोड घेऊन यावं. तुम्ही देणगीच्या पैशाला हातच लावू नका.

## टप्पा २: पैशाचं वाक्य लिहून काढा

पत्रिकेवर काय लिहायचं हे आता ठरवा. ‘विक्रीतून येणारी रक्कम संस्थेला’ हे वाक्य गोंधळाचं आहे. कोणती रक्कम? छापील किंमत, नफा, की मानधन? वाचणारा पालक पूर्ण किंमत समजतो, प्रकाशक काही वेगळंच समजतो आणि लेखक मधल्यामध्ये अडकतो.

आधी प्रकाशकाशी बोला. करारात लेखकाला स्वतः प्रती विकता येतात की नाही, हे बघून घ्या. विक्री प्रकाशक किंवा पुस्तक विक्रेता करणार असेल, तर प्रत्येक प्रतीमागे तो काही देणार आहे का, हे लेखी घ्या. निदान मोबाइलवर संदेश तरी असू द्या.

मग आकडे मांडा. समजा पुस्तकाची छापील किंमत १६० रुपये आहे आणि तुम्हाला प्रत १०० रुपयांना पडते. हातात ६० उरतात. त्यातून येण्याजाण्याचा आणि फलकाचा खर्च निघायचा आहे. म्हणून जाहीर करा: ‘विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे ४० रुपये लेखकाकडून संस्थेला.’ हे वाक्य शाळकरी मुलालाही कळतं आणि संध्याकाळी दोन मिनिटांत मोजता येतं. ७० प्रती गेल्या तर २,८०० रुपये होतात. आकडा लहान वाटेल, पण तो खरा आहे. शिवाय हॉलचं भाडं ३,००० असेल तर असा कार्यक्रम करण्यापेक्षा ते ३,००० थेट संस्थेला दिलेले बरे, हेही याच गणितातून लक्षात येतं. म्हणून जागा फुकट मिळणारीच शोधायची.

पालकांना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. पुस्तकाची किंमत म्हणजे देणगी नव्हे, त्यामुळे तिच्यावर ८०जी ची पावती मिळत नाही. पावती फक्त देणगीच्या टेबलावर दिलेल्या रकमेची. तिथेही २,००० रुपयांवरची देणगी रोख दिली तर सवलत मिळत नाही. मोठी रक्कम यूपीआयने किंवा धनादेशाने घ्यावी.

सावधान: तिकिटं विकून ‘लकी ड्रॉ’ काढू नका. निधी जमवायचा हा हुकमी उपाय वाटतो, पण पैसे घेऊन तिकीट आणि नशिबावर बक्षीस ही कायद्याच्या नजरेत लॉटरी ठरते, आणि खासगी लॉटरी चालवता येत नाही. बक्षीस द्यायचंच असेल तर चित्रकला किंवा प्रश्नमंजूषा ठेवा, तीही विनामूल्य.

तपासा: पत्रिकेचा मजकूर प्रकाशकाने आणि संस्थेने वाचून ‘बरोबर आहे’ असं कळवलं का? नसेल तर छपाई थांबवा.

## टप्पा ३: तारीख आणि जागा

तारखा शोधायला फार लांब जावं लागत नाही. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, १४ नोव्हेंबरचा बालदिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन हे पुस्तकांचे दिवस. प्राण्यांकडून बघितलं तर २८ सप्टेंबर रेबीज दिन, ४ ऑक्टोबर प्राणी दिन आणि १४ ते ३१ जानेवारी हा प्राणी कल्याणाचा पंधरवडा. मला यांतला जानेवारी सगळ्यांत योग्य वाटतो. हवा कोरडी असते, परीक्षा लांब असतात, आणि संक्रांतीच्या मांज्याने जखमी झालेले पक्षी त्याच दिवसांत संस्थांकडे येत असतात, त्यामुळे मदत कशासाठी हे मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वाचन प्रेरणा दिनाला सहामाही परीक्षा आडवी येते का, हे शाळेला विचारून घ्या. दिवाळीच्या फटाक्यांच्या संध्याकाळी तर प्राण्यांच्या नावाने काहीच ठेवू नये.

जागेत पहिली पसंती सार्वजनिक वाचनालयाला. तिथे खुर्च्या, पंखे, स्वच्छतागृह असतं आणि वाचणारी मुलं आधीपासूनच येत असतात. महापालिकेच्या बागेत कार्यक्रम करायचा तर उद्यान विभागाची परवानगी लागते, शिवाय पाऊस आणि ऊन यांचा भरवसा नसतो.

सोसायटीचा हॉल मिळत असेल तर जरा थांबा आणि अंदाज घ्या. बऱ्याच सोसायट्यांत भटक्या कुत्र्यांवरून दोन तट पडलेले असतात: खाऊ घालणारे आणि त्याला विरोध करणारे. तुमचा कार्यक्रम एका तटाचा मानला गेला तर दुसऱ्या तटातल्या घरांची मुलं येणार नाहीत, आणि त्यात मुलांचंच नुकसान. म्हणून अशा ठिकाणी निधीचा हेतू ‘रेबीज लसीकरण आणि नसबंदी’ असा ठेवा. ज्यांना कुत्र्यांची माया आहे आणि ज्यांना भीती वाटते, त्या दोघांनाही हे हवंच असतं. कमिटीचं संमतिपत्र लेखी घ्या आणि व्यासपीठावरून सोसायटीतल्या वादावर एक शब्दही काढू नका.

## टप्पा ४: प्रती, पेन आणि शिक्का

हा टप्पा किरकोळ समजून शेवटच्या दिवसावर ढकलला जातो. नंतर सगळ्यात जास्त हळहळही याचीच वाटते, कारण बिघडलेलं पान दुरुस्त करता येत नाही.

चित्रांची बालपुस्तकं बहुतेक वेळा गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली असतात. नेहमीच्या जेल पेनची शाई अशा कागदात मुरत नाही, वरच तरंगते. मूल पुस्तक मिटतं आणि समोरच्या पानावर उलटी स्वाक्षरी उमटते. पावसाळी दमट हवेत तर शाई सुकायला आणखी वेळ लागतो. त्यामुळे कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी एक प्रत फोडा आणि तीन-चार प्रकारच्या पेनांनी पहिल्या पानांवर दोन ओळी लिहून बघा. लगेच अंगठा फिरवा, मग दहा सेकंदांनी, मग तीस सेकंदांनी. तीस सेकंदांनीही डाग पडला तर ते पेन बाद. बारीक टोकाचं, न पुसणाऱ्या शाईचं पेन बहुधा चालतं. फक्त ते पानाच्या पाठीमागे झिरपत नाही ना, हे बघा. पुस्तकाला खरखरीत कागदाचं कोरं पान असेल तर स्वाक्षरी तिथेच. चित्रावर कधीही सही करू नये. चित्रकाराची ती मेहनत असते. चित्रकार गावातच असतील तर त्यांनाही शेजारी बसवा. मुलांना चित्र काढणाऱ्याचं अप्रूप लेखकाहून कमी नसतं.

पसंत पडलेल्या पेनचे सहा नग घ्या. जोडीला टीपकागदाच्या तळहाताएवढ्या पट्ट्या कापून ठेवा.

आता शिक्का. ‘तुमच्या कुत्र्याचीपण सही पाहिजे’ हे मुलं हमखास म्हणतात. त्यासाठी खऱ्या कुत्र्याच्या पंज्याला शाई लावून पुस्तकावर टेकवण्याचा प्रकार अजिबात करू नका. ती शाई तो चाटतो, शिवाय गर्दीत कोणीतरी पंजा धरून ठेवणं हाच त्याला जाच असतो. पंज्याचं चित्र आणि खाली प्राण्याचं नाव असा रबरी शिक्का कोणत्याही शिक्केवाल्याकडे करून मिळतो. तो स्वाक्षरीच्या डाव्या बाजूला, दोन बोटं अंतर सोडून मारायचा. शाईची गादी आदल्या दिवशी ताजी करून घ्या. शिक्का मुलाच्याच हातात द्यावा. ज्या गंभीर चेहऱ्याने आणि दोन्ही हातांनी मुलं तो दाबतात, ते बघण्यासारखं असतं. फक्त खाली जुन्या वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा, म्हणजे ठसा सगळीकडे सारखा उमटतो.

प्रती किती न्याव्यात? वाचनालय किंवा शाळा जो आकडा सांगेल त्याच्या निम्म्या. उरलेल्या प्रती परत वाहून न्याव्या लागतात आणि त्यांचे कोपरे दुमडतात. ज्या मुलांना पुस्तक घेता येणार नाही त्यांच्यासाठी खूणपट्ट्या छापा: जाड कागदाच्या, एका बाजूला चित्र, दुसरी बाजू सहीसाठी कोरी. याला पर्याय नाही. रांगेत उभं राहिलेलं एकही मूल रिकाम्या हाताने परत जाता कामा नये.

तपासा: पेन आणि शिक्का या दोन्हींची चाचणी खऱ्या पुस्तकाच्या खऱ्या पानावर झाली का? कोऱ्या वहीवरची चाचणी कामाची नाही.

## टप्पा ५: प्राणी आणायचा की नाही

माझं मत स्पष्ट आहे: आणू नये. मांजर तर कधीच नाही; अनोळखी जागा, आवाज आणि पिशवीतला प्रवास यांनी ती बिथरते, आणि एकदा निसटली की सापडणं कठीण. पोपट, कासव अशा रानातल्या जीवांना मुळात घरात ठेवण्यावरच वन्यजीव कायद्याची बंधनं आहेत, त्यामुळे त्यांना मुलांसमोर मिरवणं हा चुकीचा धडा ठरतो. संस्थेतली पिल्लंही आणू नयेत. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला गर्दीतून आजार लागू शकतो. शिवाय हॉलमध्ये पिल्लू पाहून हट्ट धरणारं मूल आणि नमतं घेणारा पालक अशी जोडी जमली की ते पिल्लू काही आठवड्यांत पुन्हा रस्त्यावर येण्याची शक्यता असते. दत्तक देणं हे संस्थेचं काम आहे. त्यासाठी अर्ज, घरभेट, सगळ्या घराची संमती लागते. तुमच्या कार्यक्रमात फक्त फोटो आणि संस्थेत भेटीला येण्याची वेळ, एवढंच असू द्या.

गोष्टीतला कुत्रा खरोखर तुमच्या घरचा आहे आणि मुलांना तो भेटवायचाच आहे, असं असेल तर या अटी पाळा:

– रेबीजची लस दिलेली, वर्षाची मुदत न संपलेली, नोंदवही सोबत. महापालिकेचा परवाना लागत असेल तर तोही.
– लहान मुलांची आधीपासून सवय. एक-दोन ओळखीची मुलं घरी येतात, एवढ्यावर विसंबू नका.
– पट्टा धरायला घरचं दुसरं मोठं माणूस. लेखकाने एका हातात पेन आणि दुसऱ्या हातात पट्टा धरायचा नाही.
– भेट वीस मिनिटांची, स्वाक्षरी सुरू होण्याआधी, हॉलच्या बाहेर, सावलीत. पाण्याचं भांडं जवळ. मग कुत्रा थेट घरी.
– कसरती नाहीत. प्राण्यांकडून जाहीर खेळ करून घेण्याला नोंदणीचे वेगळे नियम आहेत. त्या वाटेला जाऊच नये.

मुलांना तीन गोष्टी आधी सांगायच्या आणि करूनही दाखवायच्या. पहिलं, धरणाऱ्याला विचारायचं, ‘हात लावू का?’ दुसरं, जागेवर उभं राहायचं, कुत्र्याला स्वतःहून येऊ द्यायचं. तिसरं, आला तर मानेच्या बाजूला किंवा छातीवर हात फिरवायचा, डोक्यावरून झडप घालायची नाही आणि मिठी मारायची नाही. एका वेळी एकच मूल.

पट्टा धरणाऱ्याने कुत्र्याचं तोंड बघत राहावं. तो वारंवार जांभया देतोय, ओठ चाटतोय, मान फिरवतोय, शेपटी पोटाखाली घेतोय, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतोय, तर त्याला पुरे झालंय. गुरगुरण्याची वाट न बघता त्याच क्षणी मुलांपासून दूर न्या. शांत बसलाय म्हणजे मजेत आहे, असं धरून चालू नका. भेदरलेला कुत्राही शांतच बसतो.

सावधान: दात किंवा नख लागलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. पट्टी बांधू नका. मुलाला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी. लस द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की उपाय चालत नाही, त्यामुळे ‘नुसतं खरचटलंय’ म्हणून सोडून देऊ नका. जवळच्या सरकारी दवाखान्याचा फोन आदल्या दिवशी लिहून ठेवा आणि तिथे रेबीजची लस उपलब्ध आहे का, हेही विचारा.

मुलं प्राण्यांसाठी ग्लुकोजची बिस्किटं, दूध, चॉकलेट आणतात. पत्रिकेतच लिहा की खाऊ आणू नये. चॉकलेट, मनुका, कांदा कुत्र्यांना विषारी असतात आणि बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूधही पचत नाही.

## टप्पा ६: मांडणी आणि माणसं

तीन टेबलं मांडा. दारातून आत येताच विक्रीचं टेबल, पुढे स्वाक्षरीचं, आणि बाहेर जायच्या वाटेवर देणगीचं. देणगीचं टेबल दारात ठेवू नका. येणाऱ्या प्रत्येकाला तो प्रवेशाचा कर वाटतो. जाताना मूल खूश असतं, पालक निवांत असतात, तेव्हा ज्याला द्यायचं तो मनापासून देतो.

विक्रीच्या टेबलावर विकणाऱ्याचा क्यूआर कोड, देणगीच्या टेबलावर संस्थेचा. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत काय ते लिहा: ‘पुस्तकाचे पैसे इथे’, ‘देणगी इथे’. कार्यक्रमाआधी दोन्ही कोडवर एकेक रुपया पाठवून पडद्यावर कोणाचं नाव येतं, ते बघा. सुट्ट्यांसाठी दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा विक्रीच्या टेबलावर लागतात. छापील किंमत १६० असेल तर चाळीस परत द्यायची वेळ वारंवार येते.

माणसं निदान सहा. विक्रीला दोन, देणगीला संस्थेचा एक, रांगेत एक, आणि लेखकाच्या दोन्ही बाजूंना एकेक. बाजूच्या या दोघांचं काम पुढे येतंच.

रांगेतल्या माणसाकडे चिठ्ठ्यांची गड्डी असते. पुस्तक घेतलं की चिठ्ठी भरायची: क्रमांक आणि ज्याच्यासाठी सही हवी त्याचं नाव, सुवाच्य देवनागरीत. नाव पालकांनी लिहावं आणि मुलाने वाचून ‘बरोबर’ म्हणावं. रुही की रूही, ईशान की इशान, आन्वी की अन्वी, हे कानाने कळत नाही. आपल्या नावातली वेलांटी चुकलेलं पुस्तक मुलाला कायम खटकतं. ही चिठ्ठी सहीच्या पानात खोचून ठेवायची, म्हणजे पुस्तक नेमक्या पानावर उघडतं.

## टप्पा ७: कार्यक्रमाचा क्रम

दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत या रिवाजात पाऊण तास जातो. मुलांचा उत्साह पहिल्या पंधरा मिनिटांतच असतो आणि तो तुम्ही शाल-श्रीफळावर खर्च करता. वाचनालयाच्या अध्यक्षांना आधीच प्रेमाने सांगा की सत्कार नको, त्या खर्चातून संस्थेला दोन चादरी द्या. बहुतेकांना हे पटतं.

क्रम असा ठेवा: थेट वाचनाने सुरुवात, बारा ते पंधरा मिनिटं, एकच प्रसंग, उभं राहून. त्यानंतर मुलांचे प्रश्न, दहा मिनिटं. मग संस्थेच्या माणसाची पाच मिनिटं: एका प्राण्याची हकिकत, नाव आणि फोटोसह, सुखरूप शेवटाची. जखमांचे, अपघातांचे फोटो मुलांना दाखवायचे नाहीत. रडवून काढलेली देणगी आपल्याला नको. शेवटी स्वाक्षरी.

व्यासपीठावरून कोणत्याही मुलाचं नाव घेऊन ‘याने पाचशे दिले’ असं जाहीर करू नका. शेजारी बसलेल्या, न देऊ शकणाऱ्या मुलाला ते बोचतं. फोटोंसाठी पालकांची संमती घ्या. मुलाचा चेहरा, पूर्ण नाव आणि शाळा एकत्र कुठेही टाकू नका.

## टप्पा ८: स्वाक्षरी

एका मुलाला सव्वा मिनिट धरा. साठ मुलांना पंचाहत्तर मिनिटं लागतात. दोन तासांत ऐंशीच्या पुढे जाऊ नका. त्याहून जास्त असतील तर उरलेल्यांना क्रमांक देऊन दुसरी वेळ सांगा, नाहीतर शेवटच्या मुलांच्या वाट्याला नुसतं गिरबाटलेलं नाव येतं. दर पंचवीस पुस्तकांनंतर पेन खाली ठेवून मनगट सैल करा, पाणी प्या.

डावीकडचा मदतनीस चिठ्ठी बघून पान उघडतो आणि पुस्तक तुमच्यासमोर सरकवतो. तुम्ही आधी मुलाकडे बघता, नाव विचारता, चिठ्ठीशी ताडता आणि मग लिहिता. उजवीकडचा टीपकागद ठेवतो, शिक्क्याची गादी पुढे करतो, पुस्तक मिटून मुलाच्या हातात देतो. लेखकाने स्वतः पानं उलटत बसलं की वेळ दुप्पट होतो आणि मुलाशी बोलायचं राहून जातं. ते सव्वा मिनिट त्याच्याशी बोलण्यासाठीच आहे.

मजकूर छोटा असावा: नाव, एक ओळ, सही, गाव, तारीख. ‘सप्रेम भेट’ लिहू नका. पुस्तक त्यांनी विकत घेतलंय, तुम्ही भेट दिलेलं नाही. ‘स्नेहपूर्वक’ किंवा ‘वाचनासाठी शुभेच्छा’ पुरे. चि., कु. लावायची गरज नाही, नुसतं नाव मुलांना जास्त आवडतं. ओळ सगळ्यांना एकच असली तरी चालते, पण मुलाने घरच्या मांजरीचं नाव सांगितलं तर तेही लिहा: ‘रेवा आणि चिमी यांना.’ शेवटच्या चौदा-पंधरा पुस्तकांत हे करायचा कंटाळा येतो, आणि नेमकी तीच मुलं सगळ्यांत जास्त वेळ उभी राहिलेली असतात.

घरून जुनी, फाटकी प्रत घेऊन आलेल्या मुलालाही त्याच रांगेत, त्याच मानाने सही द्या. वाचनालयाचा शिक्का असलेल्या प्रतीवर सही नको. त्या मुलाला खूणपट्टी द्या.

सावधान: कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्या मोठ्यांना नम्रपणे नाही म्हणा. खूणपट्टी द्या, तिच्यावर सहीपुरतीच जागा असते.

## टप्पा ९: मोजणी आणि हिशेब

देणगीची पेटी कार्यक्रमाआधी रिकामी दाखवून सीलबंद करा आणि कार्यक्रमानंतर त्याच हॉलमध्ये, संस्थेच्या आणि वाचनालयाच्या माणसासमोर उघडा. घरी नेऊन मोजू नका. नोटांप्रमाणे कागदावर मांडा: ५०० च्या किती, २०० च्या किती, खाली १० च्या नाण्यांपर्यंत. बेरजेखाली दोघांच्या सह्या आणि कागदाचा फोटो. पेटीतली पूर्ण रक्कम संस्थेचा माणूस पावती देऊन घेऊन जातो. यूपीआयने आलेले पैसे त्यांच्याच खात्यात गेलेले असतात; त्यांचा एकूण आकडा त्याच कागदावर लिहून घ्या.

विक्रीचा हिशेब वेगळा. नेलेल्या प्रती वजा उरलेल्या प्रती म्हणजे विकलेल्या प्रती. हा आकडा चिठ्ठ्यांच्या शेवटच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर तिथेच शोधा, दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. विकलेल्या प्रती गुणिले ४० एवढी रक्कम आठवड्याच्या आत तुमच्या नावावरून बँकेतून संस्थेला पाठवा. ही तुमची देणगी, म्हणून तिची पावती तुमच्या नावाची.

मग ज्या वाचनालयात किंवा सोसायटीत कार्यक्रम झाला, तिथल्या सूचनाफलकावर एक पानी हिशेब लावा: किती प्रती गेल्या, त्यामागे किती रुपये दिले, पेटीत किती आले, वस्तू कोणकोणत्या आल्या. मुलांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत. देणगीदारांची नावं आणि रकमा त्यावर लिहू नका. महिन्याभराने संस्थेकडून पैसे कशावर खर्च झाले हे विचारून तेही त्याच कागदाखाली जोडा. संस्था ते देत नसेल तर पुढच्या कार्यक्रमासाठी दुसरी संस्था बघा.

उरलेल्या प्रती उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. कोपरे दुमडलेल्या प्रती बाजूला काढा, त्या वाचनालयाला द्या, बाकीच्या मोजून प्रकाशकाला परत करा. शिक्का कोमट पाण्याने पुसून कोरडा करून ठेवा. शाई वाळली की पंज्याची बोटं बुजतात. जमलेल्या चिठ्ठ्यांवर मुलांची नावं असतात, त्या रद्दीत घालू नका, फाडून टाका.